परिशिष्ट वाचणाऱ्या रोकडेबाई

रोकडेबाई आमच्याकडे बदलून आल्या त्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या डब्याचा वास घेतला. ओळख नाही, पाळख नाही. मी नुकतंच झाकण उघडलं होतं. त्या टेबलापाशी थांबल्या, किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, "शेवग्याचा पाला. लसूण करपलीय जरा."

लसूण खरंच करपली होती. सकाळी भाजी गॅसवर ठेवून मी मुलीची वेणी घालायला गेले होते.

"मी सुमन रोकडे. स्वच्छता निरीक्षक. मुरबाडवरनं आले," असं म्हणत त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली, स्वतःचा डबा उघडला आणि त्यातली वांग्याची एक फोड माझ्या झाकणावर ठेवली. "खा. माझी नाय करपत."

शहापूरचे रस्ते, गटारं, दिवे आणि कचरा ज्या कार्यालयातून चालतो, तिथं मी बांधकाम विभागात लिपिक आहे. फायली लावणं, टिपण्या लिहिणं, सह्या गोळा करत फिरणं हे माझं काम. रोकडेबाईंच्या आधी जे निरीक्षक होते ते नाकाला रुमाल लावून फिरायचे आणि गटारापासून दहा पावलं लांब उभे राहून 'समाधानकारक' असा शेरा मारायचे. बाई गटारात वाकायच्या. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, अंगावर सुती साडी आणि पायात पांढरे कापडी बूट. खांद्याला एक झोळी. त्या झोळीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, एक लांब दांड्याचा स्टीलचा चमचा आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या. कुठं काही संशयास्पद दिसलं की चमचाभर माती नाहीतर पाणी बरणीत, झाकण घट्ट, वर चिठ्ठी. त्यांच्या कपाटात पहिल्या वर्षाखेरीस बरण्यांच्या तीन रांगा झाल्या होत्या. एकदा नवीन शिपायाने त्यातल्या एका बरणीला कैरीचं लोणचं समजून हात घातला. त्यानंतर त्या कपाटाला कुलूप लागलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वाचन. पुस्तकांचं नव्हे, कागदांचं. शासन निर्णय आला की साहेब विषय वाचायचे, आम्ही तारीख वाचायचो, आणि बाई तो शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायच्या. मी एकदा विचारलं, असं उलटं का म्हणून.

"आमच्या बापाला वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "टोकावड्याकडं आमची शेती. घरात येईल ती खताची गोणी, औषधाचा डबा, सोसायटीचा कागद, सगळं मला वाचून दाखवायला लागायचं. मी मोठी अक्षरं वाचली की तो म्हणायचा, ते राहू दे, खाली बारीक काय लिवलंय ते सांग. बारीक लिवणाऱ्याच्या मनात काय तरी असतं, असं त्याचं म्हणणं. आता बघ, प्रस्तावना समदे वाचतात. परिशिष्ट कोण वाचतं? आणि मंगल, पैसे परिशिष्टात असतात गो."

हे वाक्य आमच्या कार्यालयात इतक्या वेळा ऐकू यायचं की शिपाईसुद्धा चहाच्या वेळी म्हणायचा, "बाई, बिस्किटं परिशिष्टात हायत काय?"

आता कुणाला वाटेल, बाई म्हणजे कधी न चुकणाऱ्या. तसं नव्हतं. एकदा मागच्या गल्लीतून तक्रार आली की एका बंद खोलीतून गॅससारखा वास येतोय आणि शेजाऱ्यांची डोकी दुखतायत. बाई गेल्या. दाराच्या फटीला नाक लावलं, चेहरा गंभीर झाला. "रसायन हाय," म्हणाल्या. गल्ली रिकामी केली, दोरी बांधली, अग्निशमनवाल्यांना फोन केला. दोन तासांनी भाडेकरू कामावरून आला, कुलूप उघडलं. आत सुक्या बोंबलाची आणि जवळ्याची तीन पोती. पावसाळ्याच्या बेगमीला आणून ठेवलेली, आणि एका पोत्यावर वरून पाणी गळलेलं.

सगळी गल्ली हसून लोटपोट. दुसरा कुणी असता तर 'अज्ञात स्रोत' असं लिहून मोकळा झाला असता. बाईंनी अहवालात स्वच्छ लिहिलं : 'सदर वास कुजलेल्या सुक्या मासळीचा होता. चूक माझ्या नाकाची आहे.' साहेबांनी ते वाक्य काढायला सांगितलं. बाईंनी काढलं नाही. वर त्या भाडेकरूकडून चांगल्या पोत्यातले बोंबील घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या झाकणावर चटणी आली.

बाईंचं खरं काम सुरू झालं ते बाजारपेठेच्या मागच्या मोकळ्या जागेवरून.

तिथं कधीकाळी नळाच्या तोट्या, सायकलचे हँडल, कपाटाच्या मुठी यांना चकचकीत मुलामा चढवायचा कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला. मालक वारला, कंपनी मोडली, शेडचे पत्रे चोरांनी नटबोल्टांसकट नेले. जागा हातोहात फिरत शेवटी आमच्या कार्यालयाच्या नावावर आली. गावात तिला 'पिवळं मैदान' म्हणायचे, कारण पावसात तिथली डबकी पिवळी दिसायची आणि तिथल्या विहिरीचं पाणीही पिवळसर होतं. आम्ही लहान असताना धुळवडीला त्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचो, फुकटचा रंग म्हणून. हाताला दोन दिवस खाज यायची. ती धुळवडीचीच खाज असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या जागेवर भाजी मंडई बांधायला सरकारच्या एका योजनेतून निधी मंजूर झाला. गावाला आनंद झाला, कारण आमच्या भाजीवाल्या रस्त्याच्या कडेला, गटाराला पाठ लावून बसायच्या. नकाशा तयार झाला : दोन फूट मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, वर ओटे आणि शेड. फाईल माझ्या टेबलावर होती. सगळ्या सह्या झाल्या होत्या. एकच ओळ रिकामी होती : 'जागेवर आरोग्यास घातक असे काही नाही.' खाली निरीक्षकांची सही.

"वाचून सही करते," बाई म्हणाल्या, आणि वाचायला म्हणून त्या थेट मैदानावर गेल्या. मी फाईल घेऊन मागे. त्यांनी चमच्याने माती उकरली, नाकाशी नेली. काही नाही. दुसऱ्या जागची घेतली. काही नाही. तोपर्यंत साहेबही आले. ते तरुण होते, हुशार होते, आणि मार्च जवळ आला की त्यांना झोप लागायची नाही. मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर निधी परत जाणार होता.

"काय मॅडम, वास येतोय का काही?"

"नाय येत."

"मग झालं तर. करा सही."

बाईंनी शेजारच्या हॉटेलातून बादलीभर पाणी मागवलं, उकरलेल्या खड्ड्यात ओतलं आणि उकिडव्या बसून राहिल्या. आम्हीही उभे. हळूहळू खड्ड्यातलं पाणी पिवळं झालं. लिंबाच्या सरबतासारखं नव्हे, चांगलं झेंडूसारखं.

साहेब म्हणाले, "मातीचा रंग असेल."

"आपल्याकडची माती तांबडी हाय साहेब. पिवळी कुणी केली?" बाईंनी बरणी भरली. "वास येत नाय म्हणून तर मला भ्या वाटतंय. वास येणारी घाण निदान हाक मारून येते."

त्यांनी सही केली नाही. कार्यालयात 'बाईंचं नाक बंद पडलं' अशी थट्टा सुरू झाली. साहेबांनी मोठ्या मनाने मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला पत्र दिलं. मोठं मन म्हणजे, काही निघणार नाही अशी त्यांची खात्री होती.

निघालं. क्रोमियम, आणि त्याचा जो प्रकार माणसाला बाधतो तोच. प्रमाणाच्या रकान्यापुढे लाल शाईने रेघ मारलेली. साहेबांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि डोक्याला हात लावला. "मॅडम, हे आलं म्हणजे मंडई गेली."

"मंडई नाय गेली. मुरूम गेला."

"पण मुरूम टाकून वर काँक्रीट केलं तर कुणाला काय होणार आहे?"

"वरनं गोधडी घातली म्हणून आजारी माणूस बरा होतो काय? पाऊस पडला की ते खाली उतरतंय. विहिरीत आलंच हाय. पलीकडच्या चाळीच्या बोअरिंगमध्ये उद्या येईल. तिथली बाळंतीण ते पाणी पिणार, आणि खाली सही सुमन रोकडे."

आठवड्याभरात बाईंना वरून 'कारणे दाखवा' नोटीस आली. विकासकामात विनाकारण विलंब. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. अशा वेळी नोटीस सेवापुस्तकात चढली तर पेन्शन अडकून राहते, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त. मिस्टर एसटीत चालक होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला दिलेली. घरात त्या एकट्या. त्यांनी नोटिशीला उत्तर लिहिलं ते मीच टाईप केलं. एकच ओळ होती : 'कारण सोबत जोडले आहे.' सोबत प्रयोगशाळेचा अहवाल.

पाकीट मात्र त्यांनी दोनदा उघडून पुन्हा चिकटवलं. मी पाहिलं हे त्यांना कळलं. "डिंक पातळ झालाय," त्या म्हणाल्या.

नोटीस सोपी म्हणावी अशी गोष्ट नंतर घडली. भाजीवाल्या आल्या. दहा-बाराजणी, पुढे पारूबाई. किन्हवलीकडच्या पारूबाई म्हणजे बाजाराच्या आवाजाच्या मालकीण. साठीच्या, उंच, गुडघे गेलेले, पण गळा शाबूत. त्या सरळ आमच्या खोलीत शिरल्या.

"सही अडवून धरणारी ती कोण बया?"

"मी," बाई उठून उभ्या राहिल्या.

"आमी वीस पावसाळे गटाराच्या कडंला काढले. उन्हात भाजी वाळती, पावसात आमी कुजतो. आता कुठं डोक्यावर पत्रा येत व्हता, त तू आडवी पडली? तुला खुर्ची हाय, पंखा हाय. आमचं काय?"

"मावशी, ती माती बाधणारी हाय."

"आमाला काय नाय बाधत! आमी गटार पचवलंय!"

बाकीच्या हसल्या, पण रागाने.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रोकडेबाईंनी रजा टाकली. मला वाटलं, बरं नसेल. दहाच्या सुमाराला मी डाक घेऊन निघाले तर बाजाराच्या रस्त्यावर, गटाराच्या कडेला, पारूबाईंच्या शेजारी गोणपाटावर रोकडेबाई बसलेल्या. पुढे मेथीच्या जुड्या. विकत होत्या! म्हणजे वाटत होत्या म्हटलं तरी चालेल. एकीने दोन जुड्यांवर एक फुकट मागितली, बाईंनी दोन दिल्या. पारूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तू सरकारी नोकरीतच बरी गो बाय. धंद्यात आली असतीस त पोरं उपाशी मेली असती."

त्या सबंध दिवस बसल्या. ट्रकने उडवलेलं पाणी साडीवर घेतलं, लघवीला जायला जागा नाही हे अनुभवलं. संध्याकाळी कार्यालयात आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि बूट काढून पाय चोळत म्हणाल्या, "त्यांचं बरोबर हाय. माझं पण बरोबर हाय. आता दोन्ही बरोबर कशी बसवायची ते बघायला पायजे. मंगल, तो योजनेचा शासन निर्णय काढ. अख्खा."

पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी तो कागद वाचत होतो. मी मोठ्याने वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या, मध्येच "परत वाच" म्हणायच्या. असला कंटाळवाणा मजकूर मी आयुष्यात वाचलेला नाही. परिशिष्ट अ, ब, क. तिसऱ्या दिवशी मला वाचतावाचता जांभई आली. चौथ्या दिवशी परिशिष्ट ड, शेवटून दुसरा परिच्छेद, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं : 'निवडलेली जागा पूर्वीच्या औद्योगिक वापरामुळे दूषित आढळल्यास व दूषित करणाऱ्याकडून खर्च वसूल होणे शक्य नसल्यास, शुद्धीकरणासाठी स्वतंत्र प्रस्तावाद्वारे निधी मागता येईल. अशा प्रकरणी मूळ कामाची मुदत वाढविता येईल.'

बाईंनी डोळे उघडले. "परत वाच."

मी तीनदा वाचलं. मग त्यांनी स्वतः कागद घेतला, चष्मा लावून बोट फिरवत वाचला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की ताकाचं भांडं कलंडलं. शासन निर्णयाच्या त्या पानावर अजून ताकाचा डाग आहे.

आता ठराव लागणार होता. सभेत साहेबांनी विषय मांडला तेव्हा लगेच एक सदस्य उठले. म्हणाले, "हा कुठला न्याय? कारखानदारानं घाण केली, पैसे कमावले, मरून मोकळा झाला. आणि धुवायची आपण? जनतेच्या पैशानं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. सभागृहात माना हलल्या. साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"तुमच्या अंगणात कुत्रं घाण करून गेलं," बाई म्हणाल्या, "त तुमी काय करता? कुत्रं परत येऊन उचलंल म्हणून वाट बघत बसता काय? आधी उचलता. मग कुत्र्याचा मालक हुडकता. ठरावात लिवा की, वारस किंवा मालमत्ता सापडली त खर्च वसूल करायचा. पण वसुली होईपर्यंत चाळीतल्या पोरांनी काय पाणी प्यायचं थांबायचं?"

मग झोळीतून त्यांनी दोन गोष्टी काढल्या. विहिरीच्या पिवळ्या पाण्याची बरणी आणि कागदाची पुडी. पुडीत हिराकस होता, पूर्वी शाई करायला वापरायचे तो. चिमूटभर हिराकस बरणीत टाकला, झाकण लावून हलवली आणि टेबलावर ठेवली. पाणी गढूळ झालं, हिरवट-तपकिरी साका तळाला बसायला लागला आणि वरचं पिवळं बघता बघता गेलं. मागच्या बाकावर पारूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या.

"गेलं इष?" पारूबाईंनी विचारलं.

"रंग गेला. इषाची नांगी मोडली, पण साका शिल्लक हाय, तो पण उचलायला लागतो. हे बरणीत एवढं सोपं हाय. मैदानात त्याला यंत्रं लागतील, जाणकार लागतील, पैसा लागेल. पण होतं. होत नाय असं नाय."

पारूबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "किती दिस?"

"वर्ष. जास्त पण लागंल. खोटं नाय सांगत."

पारूबाई मागे वळून आपल्या बायांना म्हणाल्या, "वीस काढले, अजून एक काढू." ठराव एकमताने झाला.

प्रस्ताव मुंबईच्या मोठ्या कार्यालयात हातानेच द्यायचा असं बाईंनी ठरवलं. फाईल मी धरली, झोळी त्यांनी. दारावरच्या सुरक्षारक्षकाने झोळी तपासली, बरणी वर काढली.

"मॅडम, यह क्या है?"

मी 'नमुना' म्हणणार होते. 'पाणी' म्हणाले असते तरी चाललं असतं. बाईंनी खरं तेच सांगितलं. "जहर है."

पुढचा तासभर आम्ही दोघी एका बाकावर, दोन पोलिसांच्या मधे. बरणी समोरच्या स्टुलावर, आणि तिच्यापासून सगळे लांब. बाई शांतपणे शेंगदाण्याचा लाडू खात होत्या. त्यातला अर्धा त्यांनी महिला पोलिसाला दिला. मी मनातल्या मनात घरी काय सांगायचं ते जुळवत होते. पण झालं असं की, 'शहापूरच्या दोन बाया विष घेऊन आल्यात' ही बातमी वर पोचली आणि ज्या अधिकाऱ्यांना भेटायला आम्हाला एरवी दोन दिवस बाकावर काढावे लागले असते, ते स्वतःच खाली आले. बरणी पाहिली, अहवाल पाहिला, परिशिष्ट ड पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हे कलम आम्ही घातलं तेव्हा वाटलं होतं, कुणी वाचणारच नाही."

"आमी वाचलं," बाई म्हणाल्या. "अक्षर जरा मोठं करा पुढच्या वेळी."

मंजुरी येणार असं त्यांनी सांगितलं, पण यायला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत जे घडलं ते सांगितल्याशिवाय बाईंचं चित्र पुरं होणार नाही.

एका सकाळी बाजारात मागे येणाऱ्या टेम्पोने पारूबाईंना चिरडता चिरडता सोडलं. जीव वाचला, उजवा पाय मोडला. त्याच जागी, गटाराच्या कडेला. मुरूम टाकून मंडई झाली असती तर त्या तोवर आत बसलेल्या असत्या, हे गावात कुणीतरी बोललंच. बाईंच्या कानावर ते आलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीला धीर होत नाय."

पारूबाई घरी पडवीत खाटेवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. बाई उंबऱ्याशीच थांबल्या. तिथूनच म्हणाल्या, "मावशी, माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं कशाला? टेम्पोवाल्यामुळं झालं," पारूबाई म्हणाल्या. "तू काय टेम्पो चालवत व्हतीस? बस. सून च्या ठेवती."

बाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. पारूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला घरी कोण नाय का गो?"

मंजुरी आली, पण मागितल्यापेक्षा कमी. सगळी जागा साफ होणार नव्हती. तज्ज्ञ आले, जागोजागी भोकं पाडून नकाशा केला. कुठं जास्त विष, कुठं कमी. बाई त्यांच्या मागे मागे बूट घालून. शेवटी ठरलं : सगळ्यात वाईट भागातली माती उकरून झाकलेल्या ट्रकांतून घातक कचऱ्याच्या जागी न्यायची, मधल्या पट्ट्यात औषध मिसळून तिथंच निवळायची, विहीर बुजवायची, आणि कडेच्या भागावर काँक्रीट टाकून दुचाक्या लावायला जागा करायची. चाळीला नळाचं पाणी द्यायचं. मंडईचे ओटे तीस होणार होते, ते चोवीस झाले. पारूबाईंसाठी म्हणून नव्हे, असं सांगत बाईंनी अभियंत्याकडून ओट्यांची उंची कमी करून घेतली आणि दाराची पायरी काढून उतार करून घेतला.

माती नेणारे ट्रक निघाले की बाई प्रत्येक ट्रकची ताडपत्री ओढून बघायच्या. एका ड्रायव्हरने वैतागून विचारलं, "बाई, माती तर आहे, सोनं आहे का?"

"सोनं असतं त उघडं नेलं असतं तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या आणि दोरीची गाठ पुन्हा बांधायला लावली.

नोटिशीचं काय झालं? ती मागे घेतल्याचं पत्र त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी आलं. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "आडनावच रोकडे, निधी येणारच होता." सगळे हसले. मग साहेब खाली बसले आणि त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. बाई उत्तरादाखल एवढंच बोलल्या, "कपाटाची किल्ली मंगलकडं दिलीय. बरण्या फेकू नका. चिठ्ठ्या वाचा."

मंडई त्यानंतर चार महिन्यांनी उघडली. हिवाळा होता. वरून पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. भाषणांत योजनेचं नाव आलं, पाहुण्यांचं आलं, आमच्या कार्यालयाचं आलं. बाई मुरबाडहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. त्या मंडपात बसल्याच नाहीत. दाराजवळच्या पहिल्या ओट्यावर पारूबाई काठी बाजूला ठेवून बसल्या होत्या, बाई त्यांच्या मागे पालथ्या क्रेटवर. भाषणं चालू असताना दोघी वालाच्या शेंगा निवडत होत्या आणि कशावरून तरी हसत होत्या. पाहुणे ओट्यापाशी आले तेव्हा त्यांनी पारूबाईंना विचारलं, "कसं वाटतंय आजी?" पारूबाई म्हणाल्या, "पाय पसरायला येतोय."

दुपारी मी बाईंना स्टँडवर सोडायला गेले. मुलीकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. माझ्या मनात बरंच बोलायचं होतं. बस लागलेली होती. त्या चढल्या, खिडकीजवळ बसल्या, पारूबाईंनी दिलेली शेंगांची पिशवी मांडीवर घेतली. "गाडी सुटायला वेळ हाय. थांब तू, बोलू," म्हणाल्या.

मी पाण्याची बाटली आणायला समोरच्या टपरीवर गेले. परत आले तर बाई झोपल्या होत्या. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, पायांतले बूट काढून सीटखाली सरकवलेले. मी हाक मारली नाही. कंडक्टर आला, त्याने मांडीवरून घसरणारी पिशवी अलगद सावरून त्यांच्या कुशीत ठेवली.

"मुरबाडला उठवा हं त्यांना," मी म्हटलं.

"आमच्या रोकडे ड्रायव्हरांच्या बाई हायत त्या," तो हळूच म्हणाला. "झोपू द्या. मुरबाड आल्यावर पण दोन मिनटं गाडी उभी करीन."

त्याने घंटीची दोरी नेहमीसारखी न ओढता पुढे जाऊन चालकाला हाताने खूण केली, आणि गाडी आवाज न करता म्हणावी इतकी हळू स्टँडबाहेर पडली.